वेशामागचे हात

आज ज्या छंदाविषयी बोलणार आहे, त्याचं नाव घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या किंवा कॉलेजकुमारीच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. कॉसप्ले. कथेतलं, चित्रकथेतलं किंवा सिनेमातलं आवडतं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख तयार करायचा आणि तो घालून समानधर्मीयांच्या मेळाव्यात वावरायचं, एवढीच त्याची व्याख्या. यावर वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "फॅन्सी ड्रेस बालवाडीत ठीक होता, आता या वयात कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण या छंदाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो कपड्यांपेक्षा माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचा इतिहास जास्त आहे.

अमेरिकेत १९०७ साली वर्तमानपत्रातून 'मिस्टर स्कायगॅक' नावाची व्यंगचित्रमाला सुरू झाली. मंगळावरून आलेला हा पाहुणा पृथ्वीवरच्या माणसांच्या चालीरीती टिपून घ्यायचा आणि त्यांचे भलतेच अर्थ लावायचा. १९०८ साली सिनसिनाटी शहरातल्या एका वेशांतराच्या कार्यक्रमात एक जोडपं व्यंगचित्रांतल्या पात्रांचे पोशाख करून आलं, त्यातला नवरा स्कायगॅकच्या वेशात होता. राजा, विदूषक, चेटकीण असे ठरावीक वेश सोडून छापील पानावरचं ताजं पात्र अंगावर चढवण्याची ही अगदी सुरुवातीची नोंद.

पण आजच्या कॉसप्लेची खरी वंशावळ सुरू होते ती १९३९ च्या जुलै महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये. त्या वर्षी तिथं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याचा विषय होता 'उद्याचं जग'. त्याच सुमाराला विज्ञानकथांच्या वाचकांनी आपलं पहिलं जागतिक संमेलन भरवलं. जेमतेम दोनशे माणसं जमली. त्यांत लॉस एंजेलिसहून आलेले दोघे होते : फॉरेस्ट अॅकरमन हा बावीस वर्षांचा तरुण आणि त्याची मैत्रीण मिर्टल डग्लस. मिर्टल यांना एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचं वेड होतं आणि त्या भाषेत घडवलेल्या 'मोरोजो' या नावानंच त्या मित्रमंडळींत ओळखल्या जात. 'थिंग्ज टू कम' हा १९३६ चा चित्रपट आणि त्या काळच्या विज्ञानकथा-मासिकांतली चित्रं यांवरून बेतलेले भविष्यकाळातले पोशाख दोघांनी घातले होते. अख्ख्या संमेलनात अशा वेशात आलेले हे दोघेच. रस्त्यानं जाताना मुलं आपल्याला फ्लॅश गॉर्डन, बक रॉजर्स अशा हाका मारत होती, अशी आठवण अॅकरमन पुढं सांगत असत.

आता मुद्द्याची गोष्ट. ते दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले मिर्टल यांनी. अॅकरमन पुढं नामांकित संपादक आणि संग्राहक झाले, दीर्घायुषी ठरले, २००८ साली गेले. पहिला पोशाख घालणारा म्हणून त्यांचं नाव वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. मिर्टल १९६४ सालीच गेल्या. ज्यांच्या सुईदोऱ्यानं ही परंपरा सुरू झाली, त्यांचं नाव तळटिपेत सरकलं. ते पुन्हा वर आलं ते पुढच्या पिढ्यांतल्या पोशाख करणाऱ्यांनी आपला इतिहास धुंडाळायला घेतला तेव्हा. आज त्यांना या छंदाची आई म्हटलं जातं.

हा योगायोग म्हणावा, तर पुढच्याच वर्षीचा दाखला बघा. १९४० साली शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. फ्लॅश गॉर्डनच्या कथांतल्या मिंग या खलनायकाच्या वेशात आलेल्या डेव्हिड काइल यांना पहिलं बक्षीस मिळालं. तो पोशाख केला होता लेस्ली पेरी या बाईंनी. बक्षीस घालणाऱ्याला, मेहनत करणाऱ्याची. या छंदातली आदराची पहिली लढाई ही अशी श्रेयाची होती.

पुढं संमेलनं मोठी झाली आणि नियम आले. काही नियमांचा उगम मोठा गमतीदार आहे. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एक स्पर्धक चित्रकथेतल्या एका ओंगळ पात्राच्या वेशात आला. अंगाला फासलं होतं शेंगदाण्याचं लोणी. ते खुर्च्यांना लागलं, शेजारच्यांच्या पोशाखांना लागलं आणि दिव्यांच्या उष्णतेनं त्याला वास सुटला. तेव्हापासून अंगाला खाद्यपदार्थ फासायला बंदी झाली. हसू येतं खरं. पण ज्यानं महिनोन्‌महिने खपून शिवलेल्या झग्यावर तो डाग पडला असेल, त्याच्या बाजूनं विचार करा. माझी हौस दुसऱ्याच्या कष्टावर सांडता कामा नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

दुसरा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. स्पर्धकांचे गट पडले : नवखे, मधले आणि मुरलेले. पहिल्यांदाच हातशिलाई करणाऱ्या मुलीला वीस वर्षांच्या अनुभवी कारागिराशी झुंजवायचं नाही. आणि परीक्षकांपैकी काहींनी रंगमंचामागं जाऊन पोशाख जवळून बघायचा : अस्तर कसं लावलंय, शिवण कशी दाबलीय. लांबून झगमगणाऱ्या गोष्टीमागचं काम बघायला कोणीतरी नेमलेलं असणं, हाही आदरच.

'कॉसप्ले' हा शब्द मात्र जपानचा. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी 'कॉमिकेट' नावाचा हौशी चित्रकथाकारांचा बाजार भरला. पहिल्या वेळी सुमारे सातशे माणसं आली. पुढं हीच संख्या लाखांत गेली. तिथं तरुण मंडळी पात्रांचे वेश करून येऊ लागली. या प्रकाराला नाव काय द्यायचं? इंग्रजी 'मास्करेड'चं जपानी भाषांतर सरदार-दरकदारांच्या नृत्यसमारंभासारखं वाटायचं. तेव्हा नोबुयुकी ताकाहाशी या लेखकानं १९८३ साली एका मासिकात 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' या दोन शब्दांची डोकी जोडून 'कोसुपुरे' हा शब्द केला. तोच जगभर फिरून आपल्याकडं कॉसप्ले म्हणून आला.

कॉमिकेटची शिस्त बघण्यासारखी आहे. घरून वेश करून यायचं नाही. आवारातल्या खोलीत कपडे बदलायचे आणि जाताना पुन्हा साधे कपडे घालायचे. छायाचित्रं ठरावीक जागीच घ्यायची आणि आधी विचारून. रस्त्यावरच्या माणसाला त्रास नको, वेश केलेल्यालाही नको. २००३ पासून नागोया शहरात जागतिक कॉसप्ले परिषद भरते. तिथल्या स्पर्धेत वेगवेगळ्या देशांच्या जोड्या रंगमंचावर उतरतात.

नियम असूनही एक दुखणं राहिलंच. विशेषतः मुलींना येणारा अनुभव असा, की पात्राचा पोशाख तोकडा असला की बघणाऱ्यांचा हात सैल सुटतो. न विचारता फोटो, खांद्यावर हात, अचकट-विचकट शेरे. पोशाख केला म्हणजे परवानगी दिली, असा हा अजब हिशेब. मुलींनी आवाज उठवला आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये मोठमोठे फलक लागले : कॉसप्ले म्हणजे संमती नव्हे. फोटो काढायचा असेल तर विचारा, नाही म्हटलं तर नाही. दुसऱ्या वर्षी, २०१५ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉसप्लेअर मंडळींनी रोज आपली छायाचित्रं प्रसिद्ध करायची मोहीम काढली. 'हे पात्र तर गोरं आहे, तुम्ही कसे?' असं त्यांना ऐकवलं जायचं. त्यांचं उत्तर सरळ होतं : पात्रावर प्रेम करायला कातडीचा रंग जुळावा लागत नाही.

आपल्याकडं २०११ साली आधी दिल्लीत आणि मग मुंबईत कॉमिक कॉन भरली आणि कॉसप्ले दिसू लागला. वेशाचं आपल्याला वावडं नाहीच. गावोगाव फिरणारा बहुरूपी आहे, कोकणातला दशावतार आहे. फरक इतकाच, की बहुरूप्याचं त्यावर पोट असतं आणि कॉसप्लेवाला पदरचे पैसे खर्च करतो. व्यायामाच्या चटईसारखा फोम आणायचा, तो गरम करून वाकवायचा, कवच घडवायचं, रंगवायचं, विग कातरायचा. एका पोशाखात शिंपी, सुतार, रंगारी आणि नट असे चौघे राबतात, आणि पुष्कळदा चौघे मिळून एकच माणूस असतो. हातानं काही घडवण्याची सवय सुटत चाललेल्या काळात हे मला कमी मोलाचं वाटत नाही.

मराठी नाटकाची एक पद्धत मला फार आवडते. पडदा उघडण्यापूर्वी श्रेयनामावली वाचली जाते, आणि तीत नटांइतक्याच स्वच्छ आवाजात वेशभूषा आणि रंगभूषा करणाऱ्यांचीही नावं येतात. १९३९ च्या त्या सभागृहात अशी नामावली कोणी वाचली असती, तर मोरोजोंचं नाव शोधत बसावं लागलं नसतं. तेव्हा तुमच्या घरातलं पोर रात्री जागून फोम कापत बसलेलं दिसलं, तर "हे काय खूळ?" असं विचारण्याआधी "हा सांधा कसा जोडलास?" एवढं विचारून बघा. तो नाहीतर ती, अर्धा तास बोलत राहील.