ओझोनचे छत्र आणि आपला फ्रिज

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. मी मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूचा इतिहास लिहिते आहे. आमच्या फ्रिजच्या पाठीवर ‘आर-६००ए’ अशी चिठ्ठी आहे. ती तेथे कशी आली, त्याची ही हकीकत.

आकाशात उंचावर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याचे घातक किरण तो अडवितो. हा ओझोन मोजण्याचे, फुग्याबरोबर वर सोडायचे उपकरण आपल्या हवामान खात्यात साठीच्या दशकात तयार झाले, ते अन्ना मणी या विदुषींच्या देखरेखीखाली. पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. बाईमाणसाचे हे काम आपल्याला ठाऊक असावे.

फ्रिजमधला जुना वायू ओझोनला खातो, असे १९७४ साली दोन शास्त्रज्ञांनी दाखविले. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरचा थर फार विरळ झाल्याचे जाहीर झाले. मग १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे करार झाला.

भारताने लगेच सही केली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. वायू उधळला श्रीमंत देशांनी. आपल्याकडे फ्रिज होते तरी किती घरी? करकंबची बाजार आमटीसुद्धा ताजी करायची आणि ताजीच संपवायची! पंगत एकाने झोडायची आणि खरकटे दुसऱ्याने काढायचे, असा तो न्याय झाला असता. जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरण खात्याच्या मंत्री मेनका गांधी यांनी तंत्र आणि खर्च दोन्ही मागितले. त्यासाठी निधी उभा राहिला, आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. २०१० पर्यंत, दम्याच्या पंपासारखे अपवाद सोडता, तो वायू आपल्याकडे बंद झाला.

चिठ्ठीवरचा वायू म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. तो ओझोनला अपाय करीत नाही. मधल्या काळात आलेले काही वायू ओझोनला निरुपद्रवी, पण हवा तापविणारे निघाले. त्यांच्यासाठी २०१६ साली किगाली येथे नवी दुरुस्ती झाली. त्यांचा वापर भारताने २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे.

हवामान बदलाचा करारही १९९२ चाच. तेथे मात्र पैशाचे घोडे अडले. दरवर्षी १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत देऊ, असे श्रीमंत राष्ट्रांनी २००९ साली कबूल केले. त्यांच्याच हिशेबाने तो आकडा २०२२ साली गाठला गेला.