माझदा: एका इंजिनासाठी अडून बसलेली कंपनी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'काय ते' झालं ते गाळलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

माझदा हा शब्द महाराष्ट्रात दोन ठिकाणी कानावर पडतो. एक म्हणजे रस्त्यावर. १९८० च्या दशकात पंजाबात स्वराज माझदा नावाने छोटे ट्रक आणि मिनीबस बनायला लागल्या, आणि कितीतरी शाळांची, कंपन्यांची बस म्हणजे 'माझदा' असंच समीकरण झालं. नंतर त्या कंपनीचं नावही बदललं, पण लोकांच्या तोंडातली माझदा काही गेली नाही. दुसरी जागा मुंबईतली अग्यारी. पारशी लोक ज्याला भजतात तो अहुर मज्द, प्रकाशाचा आणि ज्ञानाचा देव. हिरोशिमाच्या एका कारखानदाराने १९३१ मध्ये आपल्या पहिल्या गाडीला नाव देताना हाच देव आठवला. त्याचं स्वतःचं आडनाव होतं मात्सुदा. जपानी उच्चारात दोन्ही एकच. देवाचं नावही झालं आणि स्वतःचंही!

जुजिरो मात्सुदा हा माणूस. १९२० मध्ये सुरू झालेली त्याची कंपनी काय बनवायची? बुचं. बाटलीला लावतो ती. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी बुचं पुन्हा स्वस्तात यायला लागली आणि धंदा अडचणीत आला, तेव्हा ही मंडळी यंत्रं आणि हत्यारं बनवण्याकडे वळली. मग आली ती १९३१ ची माझदा-गो: पुढून मोटरसायकल, मागून हातगाडी, अशी तीनचाकी. युद्धकाळात याच कारखान्यात सैन्यासाठी रायफली बनल्या. हे सांगायला हवं, कारण ब्रँडच्या गोड गोष्टींमध्ये तेवढं पान सहसा गाळलेलं असतं.

आणि मग ६ ऑगस्ट १९४५. योगायोग असा की त्या दिवशी जुजिरोचा सत्तरावा वाढदिवस होता. अणुबॉम्ब पडला तिथून कारखाना साधारण पाच किलोमीटर लांब होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. टेकडीमुळे कारखान्याच्या इमारती बऱ्याचशा उभ्या राहिल्या. त्या सकाळी शहरात असलेले कितीतरी कामगार मात्र वाचले नाहीत. प्रशासनाची कार्यालयंच उरली नव्हती, त्यामुळे हिरोशिमा प्रांताचा कारभार काही महिने याच कारखान्याच्या आवारातून चालला. डिसेंबरमध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी पुन्हा बनायला लागली. राडारोडा उपसायला, लाकूड-धान्य वाहायला लोकांना ती हवीच होती. हिरोशिमा आणि माझदा यांचं नातं या महिन्यांतलं आहे. पुढे माझदाने जे काही वेडेपण केलं, ते शहराने का सांभाळून घेतलं, हे कळायला एवढं लक्षात ठेवा.

आता १९६० च्या सुमाराला या. माझदाने छोटीशी आर-३६० कूपे काढली होती, ती चाललीही होती. पण तिकडे टोकियोत जपानच्या उद्योग खात्याचा विचार सुरू होता की एवढ्या सगळ्या कार कंपन्या हव्यातच कशाला? परदेशी गाड्यांना दार उघडायचं तर आपल्या कंपन्या मोठ्या हव्यात, म्हणून त्यांचे मोजके गट करा, लहानांनी मोठ्यांत मिसळून जा. तो कायदा शेवटी काही झाला नाही, पण तेव्हा धसका खरा होता. जुजिरोचा मुलगा त्सुनेजी मात्सुदा आता कंपनी चालवत होता. टोयोटा-निस्सानच्या पोटात जायचं नसेल तर आपल्याकडे असं काहीतरी हवं जे दुसऱ्या कोणाकडे नाही, असा त्याचा हिशेब. ते त्याला जर्मनीत सापडलं.

फेलिक्स वँकेल नावाच्या जर्मनाची कल्पना आणि एनएसयू ही छोटी कंपनी, यांनी मिळून एक विचित्र इंजिन चालवून दाखवलं होतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. वर जातो, थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा थांबतो. वँकेल म्हणाला, थांबायचंच कशाला? भुईमुगाची दोन दाण्यांची टपोरी शेंग उभी कापली तर जो आकार दिसतो, तशी पोकळी घ्या. तिच्यात फुगलेल्या समोशासारखा त्रिकोण फिरवा. तीन टोकं भिंतीला कायम टेकलेली. त्रिकोण फिरतो तशा तीन पोकळ्या लहान-मोठ्या होतात. एकीकडून पेट्रोल-हवा आत, मग दाब, मग ठिणगी, मग धूर बाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, वर-खाली धक्के नाहीत, भाग कमी, वजन कमी. कागदावर बघितलं की कुठलाही इंजिनीअर प्रेमात पडेल. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा ॲनिमेशन बघितलं आणि त्या रात्री असाइनमेंट राहूनच गेली.

१९६१ मध्ये करार झाला. जगभरातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी हेच लायसन्स घेतलं, त्यामुळे 'फक्त आपल्याकडे' वगैरे काही नव्हतं. आणि जर्मनीहून जे तंत्रज्ञान आलं ते, आमच्या भाषेत सांगायचं तर, डेमोपुरतं चालणारं होतं. प्रॉडक्शनला गेलं की पडणार. धूर इतका की डासांच्या फवारणीची गाडी वाटावी. शिवाय काही तास चालवून इंजिन उघडलं की आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडेच ओरखडे. माझदाच्या लोकांनी त्यांना नाव दिलं: सैतानाच्या नखांचे ओरखडे.

१९६३ मध्ये केनइची यामामोतो या इंजिनीअरकडे वेगळा विभाग सोपवला गेला. माणसं ४७. जपानात सत्तेचाळीस रोनिनची जुनी गोष्ट आहे, धन्यासाठी जीव देणाऱ्या बेवारस सामुरायांची, म्हणून यांनाही तेच नाव पडलं. नखं कोणाची हे त्यांनी शोधून काढलं. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी असते, एपेक्स सील. कुकरची रिंग समजा. रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, तसं ही पट्टी नीट बसली नाही की दाब तयार होत नाही. ही पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरायची आणि थरथरत भिंत खरवडायची. त्यांनी पट्टीची घडण बदलून तिची कंपनं बदलली, मग कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची नवी पट्टी केली. ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. जपानची पहिली रोटरी कार, आणि दोन रोटरवाली जगातली पहिली. दिसायला अशी की आजही पोस्टर लावावं.

त्याच वर्षी एनएसयूनेही स्वतःची रोटरी गाडी आणली, आरओ-८०. युरोपात 'कार ऑफ द इयर' झाली. आणि लोकांच्या दारात इंजिनं बसायला लागली. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता घाईला आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या घरात जाऊन विसावली. किस्सा असा सांगतात की आरओ-८० वाले दोघे रस्त्यात समोरासमोर आले की एकमेकांना बोटं दाखवायचे. दोन बोटं म्हणजे दुसरं इंजिन चालू आहे, तीन म्हणजे तिसरं. मला हा किस्सा फार आवडतो, पण हसून झाल्यावर विचार करा: या लोकांनी बक्षीस मिळालेली महागडी गाडी घेतली होती. आपण कंपनीचं टेस्टिंग करतोय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

माझदाची पाळी १९७३ मध्ये आली. रोटरीचा जन्मजात दोष म्हणजे पोकळी लांबट, त्यामुळे पेट्रोल पूर्ण जळत नाही. पेट्रोल स्वस्त होतं तोवर कोणाला फिकीर नव्हती. अमेरिकेत माझदा जोरात खपत होती. मग अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि रोटरी म्हणजे पेट्रोल पिणारा राक्षस असं नाव झालं. जनरल मोटर्ससकट बाकीच्यांनी एकेक करत रोटरी गुंडाळली. माझदाच्या गाड्या आवारात पडून राहिल्या, कंपनी मोठ्या तोट्यात गेली. सुमितोमो बँकेने आपली माणसं आणून बसवली, आणि १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या हातून कंपनीची सूत्रं गेली.

मला या सगळ्यात जास्त अडकवतं ते कामगारांचं. थेट कपात करण्याऐवजी कंपनीने कारखान्यातली हजारो माणसं जपानभरच्या शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवली. काल नटबोल्ट आवळणारा माणूस आज सूट घालून अनोळखी गावात बेल वाजवतोय. घरदार हिरोशिमात, आणि तोंडात हिरोशिमाची बोली. कल्पना करा, तुमच्या कंपनीने उद्या सांगितलं की कोडिंग बंद, आपलं ॲप घेऊन घरोघरी फिरा. यूट्यूबवर माझदाची गोष्ट सांगताना याला निष्ठेची कहाणी म्हणतात. असेलही. पण त्यांना दुसरा पर्याय काय होता, हे कोणी विचारत नाही.

याच काळात यामामोतोच्या माणसांनी इंजिनाचं पेट्रोल पिणं तब्बल ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आणि केलं. त्यातून १९७८ मध्ये आली आरएक्स-७. बाकी तुम्हाला माहीत आहे: गेम्स, 'इनिशियल डी', 'टोकियो ड्रिफ्ट'मधली हानची नारिंगी-काळी गाडी. १९९१ मध्ये ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ५५ नंबरची ७८७-बी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय. शेवटची पाळी चालवलेला जॉनी हर्बर्ट पाण्याअभावी इतका गळाला की बक्षीस घ्यायला उभाच राहू शकला नाही. एक गोष्ट मात्र डोक्यातून काढा. 'जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली' हे खरं नाही. इंजिनाचे नियम बदलायचं आधीच ठरलं होतं.

आणि हेही बघा की या काळात कंपनीला जगवलं कोणी? फॅमिलियासारख्या साध्या, पिस्टनच्या, मध्यमवर्गीय गाड्यांनी. १९७९ मध्ये सुमारे पाव हिस्सा घेणाऱ्या फोर्डने. रोटरीची हौस पिस्टनच्या पैशावर चालली. ज्यांनी ती फॅमिलिया घेतली त्यांचं पोस्टर कोणी लावत नाही.

आता मालकांचं. मी स्वतः रोटरी चालवलेली नाही, माझदाची कार भारतात विकलीच गेलेली नाही. पण जगभरचे रोटरीवाले जे सांगतात ते इतकं सारखं आहे की एखाद्या व्रताचे नियम वाटावेत. इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं, कारण त्या पट्ट्यांना वंगण हवं. म्हणून दर एक-दोन टाक्यांनंतर डिपस्टिक काढून बघायची. बोनेट वर्षभर न उघडणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. थंड गाडी नुसती गेटच्या आत घ्यायला चालू करून लगेच बंद करायची नाही. आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. इंजिन गरम झालं की अधूनमधून थेट लाल रेषेपर्यंत पळवायचं, कार्बन साठू नये म्हणून. आपल्याकडे बाबा म्हणतील 'हळू चालव, इंजिन टिकेल', इथे उलटं! आणि जुनी गाडी घेताना रोटरीसाठीच्या खास यंत्राने दाब मोजायचा, प्रत्येक रोटरचे तीन आकडे. गरम इंजिन चालू व्हायला कुरकुरलं तर कुकरची रिंग गेली समजा.

आरएक्स-७ वाल्यांना हे सगळं माहीत होतं. गोंधळ झाला २००३ च्या आरएक्स-८ मध्ये. चार दारं, चार माणसं बसणार, किंमत आवाक्यातली. त्यामुळे ती अशा लोकांनी घेतली ज्यांना रोजची गाडी हवी होती. ऑफिस, शाळा, किराणा, छोट्या छोट्या फेऱ्या. म्हणजे रोटरीला नेमकं जे सोसत नाही तेच. इंजिनं दाब गमवायला लागली, आणि शेवटी माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. २०१२ मध्ये गाडी बंद झाली. माझ्या मते इंजिनापेक्षा विकण्यात गडबड होती. ज्याला नियम सांगितले त्याला ही गाडी आयुष्यभर आवडली, ज्याला नाही सांगितले त्याला ती फसवणूक वाटली. गाडी एकच! सेकंडहँड काहीही घेताना मी आता पहिल्या मालकाला एवढंच विचारतो: ही रोज काय मागते?

माझदाने रोटरी सोडलेली नाही. २०२३ मध्ये एमएक्स-३० आर-ईव्ही आली. त्यात ८३० सीसीचा एकच रोटर आहे, आणि तो चाकांना जोडलेलाच नाही. तो फक्त वीज बनवतो, चाकं मोटर फिरवते. ऑइल बघायचं काम मात्र तिथेही सुटलेलं नाही.

पुढच्या भागात सुबारू, म्हणजे विमानं बनवणाऱ्यांनी कारखाना मोडल्यावर स्कूटर का बनवली ते. भेटूच.