इनिंगच्या मधल्या जाहिराती

21 ऑक्टोबर 2006 ची रात्र. तुम्ही सेंट लुईसमधल्या एका बारमध्ये, लाल टोप्यांच्या गर्दीत कसेबसे उभे आहात. टीव्हीवर डेट्रॉइटहून बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना चालू आहे. इनिंग संपते, जाहिराती लागतात, लोक ग्लास भरून घ्यायला उठतात आणि वाटेतच थबकतात.

पडद्यावर मायकेल जे. फॉक्स. 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये मोटारीतून काळ ओलांडणारा तोच पोरगा, आता 45 वर्षांचा आणि पार्किन्सनने ग्रासलेला. बोलताना डोकं झुलतंय, खांदा पुढे जातो, मागे येतो. स्टेम सेल संशोधनाच्या बाजूने असलेल्या क्लेअर मॅकॅस्किलना सिनेटवर निवडून द्या, असं तो सांगतोय. मिझुरीतल्या मतावर माझ्यासारख्या लाखोंचं भवितव्य आहे, म्हणतोय. बारमध्ये कुणीतरी आवाज वाढवायला सांगतं.

दोन दिवसांनी रेडिओ लावा. निवेदक रश लिंबॉ, हाही मूळचा मिझुरीचाच, छातीठोकपणे सांगतोय की फॉक्सने एकतर औषध घेतलं नाही, नाहीतर हे सगळं नाटक आहे. वर अंग हलवून नक्कलही करतो. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं: अहो, हे झुलणं औषधाचंच! पार्किन्सनवर वर्षानुवर्षं लेव्होडोपा घेतलं की शरीर असं स्वतःच्या मर्जीने हलू लागतं. पण रेडिओशी भांडून काय उपयोग?

याच निवडणुकीत स्टेम सेल संशोधनाला संरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीवरही मतदान आहे. मग तिच्या विरोधकांची जाहिरात येते. पडद्यावर येशूची भूमिका केलेला जिम कॅव्हिझेल अरामाईक भाषेत काहीतरी बोलून सुरुवात करतो. बारमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघतात. पाठोपाठ सेंट लुईसच्याच कार्डिनल्स संघाचा पिचर जेफ सपॅन. त्याला मात्र ओळख लागत नाही. अभिनेत्री पॅट्रिशिया हीटन म्हणते, संशोधनाला लागणाऱ्या बीजांडांसाठी गरीब बायकांना पैशाचं आमिष दाखवलं जाईल. खरं तर वाद घालण्याजोगा मुद्दा हाच होता. चर्चा मात्र फॉक्सच्या खांद्याचीच.

त्याच ऑगस्टमध्ये क्योटोचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी बीजांडं न वापरताच उंदराच्या साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखं करून दाखवल्याचं छापून आलंय. इथे त्याचं नावही कुणी काढत नाही.

7 नोव्हेंबरला मतदान होतं. संशोधनाला संरक्षण देणारी मिझुरीच्या राज्यघटनेतली ती दुरुस्ती, क्रमांक 2, जेमतेम 51 टक्के मतांनी तरते. मॅकॅस्किलही निवडून येतात, तितक्याच काठावर.