भंगारात घालण्याआधी कॉम्प्रेशन बघा

परवा दिंद्रुडला रोडवरच्या एका गॅरेजवर चहा घेत बसलो होतो. एक शेतकरी वडिलांची राजदूत ढकलत आला. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितलेला. जाता जाता मिस्त्रीला दाखवावी म्हणून थांबला. मिस्त्रीनं प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला, हातानं किक फिरवली. अंगठा फटकन उडाला. "दम हाय मालक अजून. मोडीत कशाला घालता?"

ह्या दमामागं मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा सुरू झाली, तीच पुढं येझदी. १९७२ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या कायनेटिकची लूना आली, १९८५ मध्ये आरएक्स १००. सगळ्या टू-स्ट्रोक. इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळं खेड्यातला मिस्त्रीसुद्धा झाडाखाली उघडून बसवायचा. पण पेट्रोलसोबत ऑइल जळतं, आणि थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. १९९६ आणि २००० चे प्रदूषणाचे नियम आले आणि ह्या गाड्यांचं दुकान उठलं.

आता कामाचं. अंगठा हा फक्त अंदाज. खरं माप गेजवर. इंजिन थोडं गरम करा, इग्निशन बंद, प्लगची वायर अर्थिंगला लावा, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा कमी आला तर चमचाभर ऑइल आत सोडून परत बघा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर घासलंय. नाही चढला तर हेडचं पॅकिंग बघा.

नवी पोरं फसतात ती पुढं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये दाबली जाते, मग वर जाते. तिथलं ऑइल सील गेलं तर गेज चांगला आकडा दाखवतो, तरी गाडी नीट चालत नाही. पांढरा धूर सुटला आणि गिअरचं ऑइल कमी होत असलं तर आधी सील बघा, उगाच बोअर करू नका. फोर-स्ट्रोकवर शिकलेल्याला हे कोण सांगणार?

दुसरी अडचण कागदाची. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी. १९८५ ची गाडी त्यात बसत नाही. तिला नोंदणीचं नूतनीकरणच करावं लागतं. त्याची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,०००. म्हणजे गाडीत दम असला तरी मालकाचा दम निघतो. धूर कमी व्हावा हे मलाही पटतं. पण वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीला आणि रोज पळणाऱ्या गाडीला एकच माप का?

ती राजदूत त्या दिवशी गॅरेजवरच राहिली. तुमच्या गोठ्यात अशी एखादी असेल तर विकण्याआधी एकदा प्लग काढून बघा. आणि असा मिस्त्री गावात असेल तर एखाद्या पोराला त्याच्या हाताखाली बसवा. सुटे भाग शोधले तर सापडतात, तो अंगठा परत मिळणार नाही.