नव्या गाडीचं नवेपण किती दिवस टिकतं? पद्मिनीपासून 84 हप्त्यांपर्यंत

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दसऱ्याला आमच्या सोसायटीत तीन नव्या गाड्या आल्या. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ फुटला, पेढे वाटले. एका घरातल्या आजींनी तर गाडीला नातवासारखं ओवाळलं. सगळं छान वाटलं. हल्ली माणसं एकमेकांच्या आनंदात उभी राहतात ते असे दोन-तीनच प्रसंग उरलेत.

आता त्याच तीन गाड्या बघा. एकीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत पोरांनी बोटाने "मला पुसा" लिहून ठेवलंय. दुसरी कव्हरखाली झाकलेली असते, रविवारी निघते. तिसरीवरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद आहे, कारण अर्थातच पार्किंग.

हसू नका, मीही त्यातलाच. 2017 मध्ये गाडी घेतली तेव्हा पहिले पंधरा दिवस रात्री गॅलरीत येऊन बघायचो, आहे ना जागेवर. सीटवरचं प्लॅस्टिक महिनाभर काढू दिलं नाही. मग सीवूड्सला कुणीतरी दाराला ओरखडा मारून गेलं. त्या रात्री जेवलो नाही. दुसरा ओरखडा पडला तो मला आठ दिवसांनी दिसला. आणि पुढचे कधी पडले ते माहीतच नाही! नवेपण संपलं ते तिथेच. हप्ते मात्र त्यानंतर पाच वर्षं चालले.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हे पूर्वीपासून असंच होतं का? थोडा इतिहास चाळला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

वाट बघण्याचा काळ

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना आपल्या खाडीपलीकडे, कुर्ल्याला. पुढे फियाटशी करार झाला आणि 1964 पासून तिथे फियाट 1100 डिलाइट बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. नाव बदललं तरी लोक शेवटपर्यंत "फियाट"च म्हणत राहिले.

त्या काळात देशात गाड्या मोजून तीन, अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या याला सरकारी परवाना लागायचा. किंमतसुद्धा सरकारच ठरवायचं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचा निकाल प्रीमिअरच्या नावानेच ओळखला जातो. मागणी जास्त, गाड्या कमी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याला थांबायचं नाही तो जुनी गाडी नवीपेक्षा जास्त पैसे मोजून घ्यायचा. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

मी वाढलो वाशीत, सिडकोच्या चार मजली इमारतीत. सालं 1987-88 असतील. सगळ्या इमारतीत एकच गाडी, वरच्या मजल्यावरच्या काकांची फियाट. ती त्यांनी किती वर्षं थांबून घेतली याची गोष्ट काका इतक्यांदा सांगायचे की आम्हा पोरांना पाठ होती. गाडी एक, पण हक्क सगळ्यांचा. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर काकांची गाडी. लग्नात नवरी त्याच गाडीतून. पावसाळ्यात ती चालू व्हायची नाही, तेव्हा बनियनवर खाली उतरून धक्का मारायलाही अख्खी इमारत. तिचा ओरखडासुद्धा सगळ्यांचा होता. कुणी मारला याची चौकशी इमारतभर चालायची.

आता कुणी म्हणेल, पत्रकार म्हातारा झाला, जुन्याचे गोडवे गातोय. तसं नाही. तो काळ टंचाईचा होता. वाट बघण्यात काही पुण्य नव्हतं, ती लादलेली होती. ओळख आणि पैसा असलेल्यांचं काम आधी व्हायचं, बाकीचे रांगेत. तो काळ परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते, गाडीचं अप्रूप तेव्हा जास्त टिकायचं. का टिकायचं हे बघितलं पाहिजे.

मला तीन कारणं दिसतात. एक, थांबण्याची वर्षंसुद्धा आनंदात धरली जायची. दोन, गाडी एकाची असली तरी तिचं कौतुक दहा घरांचं असायचं. आणि तीन, पद्मिनी पिढीभर जवळजवळ तशीच राहिली. शेजाऱ्याने पाच वर्षांनी गाडी घेतली तरी ती तुमच्यासारखीच. मग तुमची जुनी वाटणार कशाने?

नवेपण शिळं करण्याचा धंदा

हे तिसरं कारण महत्त्वाचं, कारण अमेरिकेत ते मुद्दाम मोडलं गेलं. हेन्री फोर्डने मॉडेल टी वर्षानुवर्षं जवळपास एकाच साच्यात विकली. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी 1920 च्या दशकात वेगळा मार्ग धरला. दरवर्षी नवं मॉडेल, नवा रंग, थोडा नवा आकार. जुनी गाडी उत्तम चालत असली तरी ती जुनी दिसली पाहिजे. त्याच कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी 1929 मध्ये लेखच लिहिला, की ग्राहकाला असमाधानी ठेवणं हेच उद्योगाचं काम आहे. म्हणजे आपल्याला गाडीचा कंटाळा येतो तो सगळाच आपल्या मनाचा दोष नाही. त्याची योजना शंभर वर्षांपूर्वी झाली आहे.

आपल्याकडे ते उशिरा पोचलं. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची चावी दिली. किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. मध्यमवर्गाला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही जमेल. 1993 मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला, परदेशी कंपन्या आल्या, बँका कर्ज घेऊन दारात आल्या. रांग संपली. पद्मिनीचं उत्पादन 2001 पर्यंत रडतखडत चाललं आणि थांबलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयाची वीस वर्षं भरल्यावर रस्त्यावरून गेली. तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. साठ वर्षांपूर्वीच्या त्या डिझाइनसाठी माणसं हळवी झाली. आज तीन वर्षांच्या गाडीसाठी कुणी होईल का?

मध्ये नॅनो येऊन गेली. जानेवारी 2008 मध्ये रतन टाटांनी ती दाखवली तेव्हा केवढा गाजावाजा! पहिल्या ग्राहकांची निवड सोडतीने करावी लागली. पण "सगळ्यात स्वस्त गाडी" हा शिक्का बसला आणि लोकांना ती दारात उभी करायला लाज वाटू लागली. दहा वर्षांत विषय संपला. गाडी आपण बसायला घेतो की दाखवायला, याचं उत्तर नॅनोने दिलं.

मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ मिशिगन विद्यापीठात होते तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला. महागडी गाडी चालवताना माणूस जास्त खूश असतो का? तो गाडीचाच विचार करत असेल तर हो. पण रोजच्या कामावर जाताना, डोक्यात ऑफिस आणि समोर ट्रॅफिक असताना, स्वस्त-महाग गाडीने फारसा फरक पडत नाही. सायन-पनवेल हायवेवर सकाळी नऊला अडकलेल्याला हे सांगायला मिशिगनच्या प्राध्यापकांची गरज नाही म्हणा.

चालत जाण्यासाठी आखलेलं शहर

आता आपल्या शहराकडे येऊ. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये "मार्ग" नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. कल्पना अशी की शहर नोडमध्ये विभागायचं आणि बस-रेल्वेच्या आधाराने उभं करायचं. शाळा, बाजार, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर कोरियांनी सात-सात घरं एका अंगणाभोवती बसवली. त्या घरांचा केंद्रबिंदू अंगण होता, गाडी नव्हती.

पण मानखुर्द-वाशी लोकल धावली 1992 मध्ये. एनएमएमटी सुरू झाली 1996 मध्ये. मेट्रोचा बेलापूर-पेंधर हा पहिला मार्ग यायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. माणसं आधी आली, सोय मागून आली. मधल्या काळात ज्याला जमलं त्याने गाडी घेतली. त्याला दोष कसा देणार?

परिणाम समोर आहे. आमच्यासारख्या जुन्या सिडको इमारतींत पार्किंग धरलेलंच नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरल्या, फुटपाथ गेले, अग्निशमनची गाडी आत शिरेल का ही शंका. नव्या बांधकामांत पार्किंगची अट सैल करण्याविरुद्ध नवी मुंबईच्याच एका रहिवाशाने जनहित याचिका केली. ऑगस्ट 2021 मध्ये त्यावर उच्च न्यायालयाने सुनावलं की जागा नसेल तर केवळ ऐपत आहे म्हणून एका कुटुंबाला चार-पाच गाड्या ठेवू देता येणार नाहीत. मे 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनीही सांगितलं, पार्किंगच्या जागेचा दाखला असेल तरच नवी गाडी नोंदवायची. एकेकाळी गाडी मिळायला रांग होती. आता ती उभी करायला आहे.

जमीन गेली, गाडी आली

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहिली.

हे शहर 95 गावांच्या जमिनीवर उभं आहे. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दिबांच्या नेतृत्वाखाली उरणच्या मातीत लढा झाला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. नंतर विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांच्यासाठी साडेबावीस टक्क्यांची योजना झाली.

त्यातले बरेच भूखंड विकले गेले. कुणी घर बांधलं, कुणी पोरांना शिकवलं, कुणी धंदा टाकला. आणि अनेकांच्या दारात मोठी गाडी आली. पहिली फेरी कार्ल्याला, एकविरा आईला. मागे बँजो, पुढे गुलाल. बाहेरच्यांनी यावर खूप टिंगल केली. मला ती कधीच आवडली नाही. ज्यांच्या आजोबांना आपल्याच शेताच्या बांधावर ऑफिसरच्या जीपसाठी बाजूला व्हावं लागलं, त्यांच्या नातवाने जीपमध्ये बसावंसं वाटणं यात हसण्यासारखं काय आहे?

पण हिशोब आपल्याच माणसाला सांगितला पाहिजे. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे गाडीची किंमत पाच वर्षांत निम्मी धरली जाते. त्याच पाच वर्षांत विमानतळाजवळच्या गुंठ्याचा भाव कुठे गेला ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझा एक आगरी मित्र आहे, शाळेपासूनचा. त्याच्या वडिलांनी भूखंड विकला तेव्हा दोन गाड्या घेतल्या होत्या. मागच्या महिन्यात रिक्षा स्टँडवर भेटला. म्हणाला, "जमीन गेली, गारी आली. आता गारी पन गेली." आणि हसला. मला हसता आलं नाही.

बाकीच्यांचाही हिशोब करू. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण 12,900. एकूण व्याज 2 लाख 81 हजार. हप्ते 84. नवेपण टिकतं किती महिने? तुम्हीच सांगा. माझं चार महिने टिकलं.

गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. घरात म्हातारी माणसं आहेत, रात्रपाळी आहे, गावाला जायचं आहे, तर गाडी हवीच. पण ती काम म्हणून घ्या. आनंद म्हणून घेणार असाल तर आधी सहा महिने थांबून बघा, तो हप्ता दर महिन्याला बाजूला टाका. सहा महिन्यांनीही हवीशी वाटली तर खुशाल घ्या, पेढे खायला मी येतो. आणि गावातल्या तरुणांना हात जोडून विनंती, भूखंड विकून गाडी नको. गाडी परत घेता येते, जमीन नाही.

महापालिकेकडे आणि सिडकोकडेही एक मागणं आहे. पार्किंगचे प्लॉट काढताना दर दहा मिनिटांनी येणारी बस आणि चालता येईल असा फुटपाथ विसरू नका. निम्म्या गाड्या हौसेने नाही, नाइलाजाने घेतल्या जातात.

काकांची फियाट शेवटी भंगारात गेली. त्या दिवशी अख्खी इमारत खाली उतरली होती, आणि या वेळी धक्का मारायला नाही.

तुमच्या घरातली पहिली गाडी कुठली, आणि तिचं नवेपण किती दिवस टिकलं? खाली जरूर लिहा. वाचतोय.