गूगलच्या मुखपृष्ठावरून उतरवलेला आकडा

१/ वीस वर्षांपूर्वी गूगलच्या मुखपृष्ठाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक संख्या असे: ८,०५,८०,४४,६५१. इतक्या वेबपृष्ठांतून आम्ही शोधतो, असा तिचा अर्थ. सप्टेंबर २००५ मध्ये ती काढून टाकण्यात आली. या थ्रेडमध्ये तिचीच कथा, कारण इतिहासाच्या अभ्यासकाला ती आजही भोवते.

२/ संग्रहाचा आकार मिरवण्याची रीत गूगलच्या आधीची. जुलै १९९४ मध्ये लायकॉस सुरू झाले ते ५४,००० दस्तऐवजांनिशी. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आले ते सुमारे १.६ कोटी पृष्ठे घेऊन. तेव्हा या संख्येला खरा अर्थ होता. पान सूचीतच नसेल, तर ते सापडणार कोठून?

३/ पुढे मात्र तिचे शस्त्र झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये गूगलचा आकडा सुमारे ४२८ कोटी होता. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ५०० कोटी दस्तऐवजांचा दावा करीत आपले शोधयंत्र चाचणीसाठी खुले केले आणि नेमक्या त्याच सुमारास गूगलचा आकडा एकाएकी ८०० कोटींपलीकडे गेला. योगायोग म्हणावा, तर तो फारच सोयीचा होता.

४/ ऑगस्ट २००५ मध्ये याहूने १,९२० कोटी दस्तऐवजांची घोषणा केली आणि वाद मोजणीच्या पद्धतीवर आला. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असेल, तर पान एक की दोन? दर क्लिकला पुढचा महिना दाखवणारी दिनदर्शिका किती पानांची धरावी? सर्वमान्य उत्तर नव्हते. महिन्याभरात गूगलने आकडा उतरवला. आमची सूची प्रतिस्पर्ध्यांहून तिप्पट मोठी आहे, हे सांगायला मात्र ते विसरले नाहीत. मोजमाप गेले, बढाई राहिली. २००८ मध्ये कूल नावाचे शोधयंत्र १२,००० कोटी पृष्ठांचा डंका पिटत आले आणि २०१० मध्ये बंद पडले.

५/ आता दुसरी संख्या: आपल्या प्रश्नासोबत दिसणारी, ‘सुमारे इतके निकाल’. येथे ‘सुमारे’ हा शब्द शिष्टाचाराचा नव्हे. पहिले दहा निकाल देण्यासाठी यंत्राला सगळा संग्रह चाळावा लागत नाही. थोड्या भागावरून ते एकूण संख्येचा अदमास बांधते. पडताळावे म्हटले, तर हजाराच्या पुढचे निकाल उघडतच नाहीत.

६/ तरीही ‘या व्यक्तीच्या नावाने इतके लाख निकाल येतात’ असे वाक्य लोकप्रियतेचा पुरावा म्हणून बिनदिक्कत लिहिले जाते. देवनागरीत तर त्या लाखांत हिंदी आणि नेपाळी पानेही मिसळलेली असतात.

७/ जुन्या वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहांत प्रश्न अधिक गंभीर होतो. समजा, एखादा शब्द एका दशकात १२ वेळा आणि पुढच्या दशकात १२० वेळा सापडला. शब्द रूढ झाला म्हणावे काय? पहिल्या दशकाचे १०० अंक आणि दुसऱ्याचे १,००० अंक संग्रहात असतील, तर काहीच बदललेले नाही. त्यात जीर्ण छपाईतली जोडाक्षरे यंत्राने चुकीची वाचली असतील, तर १२ हा आकडाही खरा नाही.

८/ म्हणून निकालांच्या संख्येशेजारी त्या त्या वर्षाचे एकूण किती अंक शोधले गेले, हे दाखवणे संग्रहालयांनी आपले कर्तव्य मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे ते दाखवले जात नाही, तिथे अंकांची यादी स्वतः मोजावी. काम कंटाळवाणे आहे, पण एका दुपारचे आहे.