देवर्षी कोण आणि देवरुषी कोण? एकाच शब्दाच्या दोन वाटा

‘देवर्षी’ म्हटलं की हातात वीणा घेतलेले नारदमुनी डोळ्यासमोर येतात. पण खेड्यात ‘देवरुषी’ किंवा ‘देवऋषी’ हा शब्द निघाला की माणसं वेगळंच समजतात: अंगारा देणारा, उतारा सांगणारा, बाहेरचं काढणारा. शब्द मुळात एकच आहे, अर्थ मात्र पार लांब गेलेत.

देव अधिक ऋषी म्हणजे देवर्षी. महा अधिक ऋषीचं जसं महर्षी होतं, तसंच हे. ऋषींच्या पदव्यांत राजर्षी म्हणजे राज्य करूनही ऋषीपणाला पोचलेला, जसा जनक राजा. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांना राजर्षी म्हणतात ते याच अर्थानं. वसिष्ठ हे ब्रह्मर्षी. विश्वामित्र मूळचे राजे, त्यांना ब्रह्मर्षी व्हायला फार मोठं तप करावं लागलं. देवर्षी म्हणजे देवलोकात वावर असलेला ऋषी. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगतात, त्यात देवर्षींमध्ये मी नारद, असं येतं.

हे पद नारदांना कसं मिळालं, ते भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद स्वतःच व्यासांना सांगतात. आधीच्या जन्मी ते एका दासीचे पोर. पावसाळ्याचे चार महिने मुक्कामाला आलेल्या साधूंची सेवा त्यांनी केली, त्यांचं उष्टं खाल्लं, हरिकथा ऐकली. पोरगं पाच वर्षांचं असताना आई रात्री गाईची धार काढायला बाहेर पडली, पाय सापावर पडला आणि ती गेली. पोर एकटंच उत्तरेकडं चालत गेलं आणि रानात पिंपळाखाली ध्यानाला बसलं. पुढच्या जन्मी तेच ब्रह्मदेवाचे पुत्र नारद झाले. म्हणजे देवर्षीपद काही घराण्यातून आलेलं नव्हतं.

गावात दोन घरांत भांडण लावणाऱ्याला ‘कळलाव्या नारद’ म्हणतात. हे नारदांवर जरा अन्यायाचंच आहे. तिन्ही लोकांत त्यांना कुठंच अडवणूक नव्हती, देव आणि दैत्य दोघंही त्यांचं ऐकायचे. हिरण्यकश्यपूची बायको कयाधू गरोदर असताना इंद्र तिला पळवून नेत होता. नारदांनी तिला सोडवून आश्रमात ठेवलं, आणि पोटातल्या प्रल्हादानं तिथंच भक्ती ऐकली. वाल्मीकींना रामकथा सांगणारेही नारदच. म्हणून तर कीर्तनकार जिथं उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात.

आता गावच्या देवरुषाकडं येऊ. देवाशी थेट बोलणं असलेला माणूस, एवढाच धागा मूळ शब्दातून इथवर आलेला दिसतो. त्याची सगळी पत आहे ती मंत्रावर. पण छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडं शिकायला जातात, तेव्हा आपण काय काय शिकलो त्याची यादी देतात. त्यात भूतविद्या आहे, सर्पविद्याही आहे. आणि एवढं सांगून ते कबूल करतात की मला नुसते मंत्र येतात, आत्म्याचं ज्ञान नाही, म्हणून मी दुःखात आहे. कुठला देवरुषी असं बोलेल?

विषारी साप चावल्यावर मंत्रानं विष उतरत नाही, त्याला दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं. बिनविषारी साप चावलेला माणूस तसाही बरा होतो आणि नाव देवरुषाचं होतं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. साप चावला तर चावलेला भाग हलवू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावं, गाडी नसेल तर 108 ला फोन लावावा.